अर्धशिशीच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल तर एकदा मान दाखवा

ताई, तुम्ही लिहिलंय की कवटीच्या खालच्या कडेपासून करंट लागल्यासारखी कळ उजव्या डोळ्यामागे जाते, कंगवा फिरवला तरी झणझणतं, आणि चष्म्याचा नंबर, अ‍ॅसिडिटी, अर्धशिशी सगळं करून झालं. माझंही दीड वर्ष हेच चाललं होतं, उशीला डोकं टेकवायची भीती वाटायची, टॉवेलची गुंडाळी मानेखाली घेऊन झोपायचे.

माझं निघालं ऑक्सिपिटल न्यूराल्जिया. मानेच्या वरच्या मणक्यांजवळून निघालेली नस मागच्या स्नायूंमधून वाट काढत टाळूपर्यंत जाते, ती आवळली किंवा चिडली की कळ. डोळ्यामागे का, तर मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस आत एकाच ठिकाणी मिळतात, त्यामुळे मेंदूची गल्लत होते. अर्धशिशी तासन्‌तास ठणकते, मळमळतं; ही कळ काही सेकंदांची, फार तर मिनिटांची असते, मधल्या वेळात नुसतं बोथट दुखत राहतं. काहींना दोन्ही असतं, तो वेगळाच ताप.

घरी एक करून बघा. डोक्यामागे मधोमध जो उंचवटा लागतो तिथून कानामागच्या हाडाकडे बोट सरकवा, साधारण एक तृतीयांश अंतरावर हलकं दाबा. तिथे दाबल्यावर तीच कळ वर गेली तर डॉक्टरांना ती जागा नक्की दाखवा. माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी तिथेच भूल देणारं इंजेक्शन दिलं, नर्व्ह ब्लॉक म्हणतात त्याला, आणि पंधरा मिनिटांत डोकं मोकळं! त्याने आराम पडतो आणि निदानही बरंचसं पक्कं होतं. माझा आराम दोन महिने टिकला, तेवढ्यात फिजिओने हनुवटी मागे ओढायचा व्यायाम शिकवला, मोबाईल डोळ्यांसमोर धरायला लावला, गरम शेक होताच. गॅबापेंटिनसारख्या नसेच्या गोळ्याही देतात, पण झोप येते, मनाने घेऊ नका. साध्या पेनकिलरही रोज नकोत, महिन्यात दहा-पंधरा दिवस घेतल्या तर त्यांचीच डोकेदुखी मागे लागते.

एमआरआयमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, असं लिहून आलं तर लगेच घाबरू नका, काहीच न दुखणाऱ्यांच्याही मानेत ते सापडतं. आणि सलूनमध्ये मान कडकन मोडून घ्यायची नाही हं, मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते.

मात्र अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तापासोबत मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलताना जीभ अडखळली तर थेट हॉस्पिटल, इथे विचारत बसू नका.

ती जागा दाबून बघितलीत की कळवा, आणि कळ मानेकडून वर जाते की कपाळाकडून मागे येते तेही लिहा.