वाचकांचे प्रश्न : आंदोलनात शिरलेले पोलीस

सिएटलमध्ये 1999 साली जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध झालेल्या आंदोलनावर गेल्या अंकात लेख होता. त्यानंतर सरकारी पाळतीविषयी विचारणारी पत्रे आली. उत्तरांत ब्रिटनचा भाग जास्त आहे, कारण तिथली बरीच कागदपत्रे कोर्टात आणि चौकशीत उघड झाली आहेत.

प्रश्न : जागतिकीकरणाला विरोध करणाऱ्या गटांच्या सभा तर खुल्या असत. मग पोलिसांनी वेष पालटून आत शिरायचे कारण काय? आणि खोट्या नावाने कोणी वर्षानुवर्षे टिकतो कसा? (सांगली)

उत्तर : सभा खुल्या असल्या तरी बेत खुले नसत. 18 जून 1999 रोजी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर निदर्शनासाठी जमलेल्या हजारो लोकांना रंगीत मुखवटे वाटले गेले आणि रंगांप्रमाणे जमाव वेगवेगळ्या वाटांनी निघाला. लंडनच्या या कार्यक्रमामागे असलेल्या ‘रिक्लेम द स्ट्रीट्स’ गटात जिम बॉयलिंग हा पोलीस 1995 पासून ‘जिम सटन’ नावाने वावरत होता. एका निदर्शनात अटक झाल्यावर तो खोट्या नावानेच कोर्टात उभा राहिला, शपथेवर साक्षही दिली. त्याच खटल्यात दोषी ठरलेल्या कार्यकर्त्यावरचा ठपका 2014 मध्ये पुसला गेला.

बॉयलिंगचे पथक म्हणजे आंदोलकांत माणसे घुसवण्यासाठी लंडन पोलिसांनी 1968 साली स्थापन केलेले ‘स्पेशल डेमॉन्स्ट्रेशन स्क्वॉड’. खोटी ओळख उभी करायची त्यांची जुनी पद्धत अशी : जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या चाळायच्या, आपल्याच वयाच्या आसपास जन्मलेले पण लहानपणीच दगावलेले मूल शोधायचे, त्याच्या नावाचा जन्मदाखला काढायचा आणि त्यावर लायसन्स वगैरे मिळवायचे. काही जण त्या मुलाचे गावही बघून येत, म्हणजे बालपणाच्या गप्पांत अडखळायला नको. पोलिसांच्याच 2013 च्या अहवालानुसार तपासलेल्या 106 खोट्या ओळखींपैकी 42 मृत मुलांच्या होत्या किंवा असाव्यात. त्या आईबापांना कोणी विचारले नव्हते, हे सांगायलाच नको.

कागद झाले, पण टिकायला उपयोगी पडावे लागते. अशा गटांत गाडी असलेला आणि पैशाची चणचण नसलेला माणूस सगळ्यांनाच हवा असतो. मार्क केनेडी हा पोलीस 2003 पासून ‘मार्क स्टोन’ नावाने नॉटिंगहॅममध्ये राहिला. गाडी चालवायला तो कायम तयार, हात सैल. 2005 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सला झालेल्या जी-8 या आठ बड्या देशांच्या परिषदेच्या वेळीही तो आंदोलकांत होता. जनतेच्या करातून आंदोलनाला ड्रायव्हर मिळाला म्हणायचा!

प्रश्न : मग असा माणूस ओळखायचा कसा? (पुणे)

उत्तर : चेहऱ्यावरून किंवा केसांवरून नाही. तसे करू गेले तर आधी गटातलेच लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागतात आणि पाळतीचे निम्मे काम फुकटात होते. ब्रिटनमधले काही जण सापडले ते कागदपत्रांमुळे. एका कार्यकर्तीचा जोडीदार 1992 मध्ये अचानक नाहीसा झाला. त्याचे घरचे सापडावेत म्हणून तिने दाखले धुंडाळले, तर त्या नावाचा मुलगा आठव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेल्याची नोंद हाती आली. केनेडीच्या मैत्रिणीला 2010 मध्ये त्याच्या गाडीच्या कप्प्यात खऱ्या नावाचा पासपोर्ट दिसला.

म्हणून आधी सांगितलेले नाव आणि जन्मतारीख जन्मनोंदीत आहे का बघा. नोंद मिळाली म्हणून थांबू नका, तेच नाव मृत्यूनोंदीतही शोधा. मग लग्नाची नोंद बघा. खऱ्या संसाराचा सुगावा तिथे लागू शकतो. हे काम दोघा-तिघांनी गुपचूप करावे. पुरावा हाती येण्याआधी सभेत नाव घेतले आणि अंदाज चुकला, तर एका प्रामाणिक माणसाचे आयुष्य नासते.

प्रश्न : दगडफेक पोलीसच घडवून आणतात हा आरोप कुठे सिद्ध झाला आहे का? (नाशिक)

उत्तर : कॅनडात त्याच्या अगदी जवळ जाणारे उदाहरण आहे. 20 ऑगस्ट 2007 रोजी क्वेबेकमधल्या माँटेबेलो इथे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या नेत्यांची बैठक होती. तोंड झाकलेले तिघे निदर्शकांत आले, एकाच्या हातात दगड. कामगार नेते डेव्ह कोल्स यांनी त्यांना अडवून तोंडावरचे फडके काढायला सांगितले. तिघे पोलिसांच्या रांगेत घुसले आणि त्यांना ‘अटक’ झाली. पालथे पाडलेल्या तिघांच्या बुटांचे तळवे फोटोत आले आणि ते अटक करणाऱ्या पोलिसांच्या बुटांसारखेच निघाले. क्वेबेक पोलिसांनी आधी कानावर हात ठेवले, पण 23 ऑगस्टला ती आपलीच माणसे असल्याचे कबूल केले. दगड मारण्याचा हेतू मात्र त्यांनी नाकारला. त्या तिघांनी दगड भिरकावल्याचे दिसले नव्हते, म्हणून ‘जवळ जाणारे’ असेच म्हणावे लागते.

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये राहते, तिथल्या निदर्शनांना जात असे. माझी फाइल असेल तर मागता येईल का? भारतात? (लीस्टर)

उत्तर : येईल. डेटा संरक्षण कायद्याखाली ज्या पोलीस दलाकडे नोंद असण्याची शक्यता आहे, तिथे अर्ज करा. फी नाही, उत्तराची मुदत साधारण एक महिना. ओळखपत्र आणि त्या काळातले सगळे पत्ते द्या. ‘माझ्याबद्दल असेल ते सगळे’ असे मोघम लिहू नका. निदर्शनाची तारीख, ठिकाण, गटाचे नाव लिहा, नाहीतर शोध वरवरचा होतो. ‘नोंद आहे असेही म्हणत नाही, नाही असेही म्हणत नाही’ असे छापील उत्तर आले तर माहिती आयुक्तांकडे तक्रार करा. ब्रायटनचे जॉन कॅट हे निदर्शनांत चित्रे रेखाटत बसणारे वृद्ध गृहस्थ. अशाच अर्जातून त्यांना पोलिसांकडच्या आपल्याबद्दलच्या 66 नोंदी मिळाल्या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले, पण 2019 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

भारतात हा रस्ता अरुंद आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 ने इंटेलिजन्स ब्युरो आणि ‘रॉ’ला वगळले आहे, राज्यांनाही आपल्या गुप्तचर यंत्रणा वगळता येतात. अपवाद दोनच : भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन. अर्जात दुसऱ्या अपवादाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात, घटनेच्या तारखेसह करा.