वीस हजार की साडेबावीस हजार? आधी ड्यूटीचे तास मोजा

इंदूरच्या रामबागेतून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, कौन्सिलची नोंदणीही हातात आहे. दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. घराजवळचं तीस खाटांचं नर्सिंग होम रोख 20,000 देतंय. सकाळी आठ ते रात्री आठ, महिन्यात 26 दिवस, नाइट नाही. दुसरं अडीचशे खाटांचं हॉस्पिटल, तिथे आयसीयू, ऑफर लेटरवर सीटीसी 22,450, ड्यूटी सहा-सहा-बारा, म्हणजे नाइट आलीच. ‘हातात पैसे कमी आणि वर जागरण, मग तिकडे कशाला पाठवायचं? अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिथे नर्सला तासाप्रमाणे पगार असतो. आपल्याकडे तासाला किती पडतात?’

ताई, भाच्याने विचारलं तेच आधी बघू, कारण आपल्याकडे पगार महिन्याचा बोलला जातो आणि तास कोणी मोजत नाही.

सीटीसी म्हणजे हॉस्पिटलचा मुलीवर होणारा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. बेसिक 15,000 किंवा वर आहे असं धरलं, तर 22,450 मधून हॉस्पिटलच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) 650 बाजूला काढा; ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 20,000 उरला. त्यातून मुलीचा पीएफ 1,800 आणि ईएसआय 150 कापला की हातात 18,050. व्यवसाय कर लागला तर तो वेगळा. म्हणजे ‘हातात कमी’ हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण पीएफचे दोन्ही वाटे मिळून दरमहा 3,600 तिच्या नावावर जमा होतात (त्यातले 1,250 पेन्शनकडे), आणि उपचारांसाठी ईएसआयचं कार्ड मिळतं. रोखीच्या नोकरीत हे दोन्ही नाही, सॅलरी स्लिपही नाही.

आता तास. सहा-सहा-बारामध्ये मॉर्निंग आठ ते दोन, ईव्हनिंग दोन ते आठ, नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. महिन्यात दहा मॉर्निंग, आठ ईव्हनिंग, सहा नाइट धरल्या तर 60, 48 आणि 72 मिळून 180 तास होतात. सहा दिवस ऑफ. 18,050 भागिले 180, म्हणजे तासाला 100 रुपये. नर्सिंग होममध्ये 26 गुणिले 12, म्हणजे 312 तास, तासाला 64. घराजवळची नोकरी दोन हजारांनी जास्त देते आणि 132 तास जास्त घेते.

शंभराचा आकडाही पूर्ण खरा नाही. आयसीयूत हॅंडओव्हर, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या नर्सकडे पेशंट सोपवणं, दोन मिनिटांत होत नाही. बेडजवळ उभं राहून व्हेंटिलेटरची सेटिंग, इन्फ्यूजन पंपात उरलेलं औषध, लघवीचं माप, क्रॅश कार्टची (आणीबाणीच्या औषधांच्या गाडीची) मोजणी आणि नार्कोटिक्सच्या कपाटाची किल्ली, सगळं रजिस्टरवर सही करून द्यायचं-घ्यायचं असतं. दर ड्यूटीला अर्धा तास धरा. 24 ड्यूट्यांचे बारा तास वाढले की दर 94 वर येतो. या अर्ध्या तासाचा पैसा बहुधा मिळत नाही.

नाइटचं म्हणाल तर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत बॅंड 5 (नर्सची सुरुवातीची वेतनश्रेणी) नर्सला रात्री आणि शनिवारी 30 टक्के, रविवारी 60 टक्के जादा मिळतात. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्सचा मधला दर 2024 मध्ये तासाला 45 डॉलर होता आणि आठवड्याच्या 40 तासांपुढे साधारणपणे दीडपट. आपल्याकडे खासगीत दर नाइटला ठरावीक रक्कम, तीही असली तर. समजा 150 दिले, तर बारा तासांत तासाला साडेबारा रुपये. रात्री आठला जायच्या रिक्षातच ते संपतात. केंद्र सरकारच्या नोकरीत तर गंमतच आहे. 2020 च्या आदेशाने रात्रपाळी भत्ता 43,600 पर्यंतच्या मूळ पगारालाच, आणि नर्सिंग ऑफिसरची सुरुवातच 44,900 पासून! नाइट टाळता येणार नाही, पण पैशासाठी नाइट मागून घेण्यातही अर्थ नाही.

स्पेशालिटीचा फायदा महिन्याच्या भत्त्यात फारसा दिसत नाही. केंद्राने 2017 मध्ये ऑपरेशन थिएटर भत्ता 360 वरून 540 केला, महिन्याला. खरा फरक पडतो नोकरी बदलताना. डायलिसिस, कॅथ लॅब (अँजिओग्राफीचा विभाग), एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू), आयसीयू इथे नवखी नर्स उभी करून युनिट चालत नाही, म्हणून तयार हात मागितला जातो आणि तिथे बोलणी करता येतात. त्यासाठी दोन वर्षं त्याच युनिटमध्ये गेली पाहिजेत. इथेच मुली फसतात. आयसीयूसाठी घेतात, माणसं कमी पडली की तीन महिन्यांनी वॉर्डात, मग ओपीडीत; आणि सोडताना पत्रात नुसतं ‘स्टाफ नर्स’. अनुभवपत्रावर विभाग, खाटांची संख्या, तारखा आणि पूर्णवेळ काम हे चारही लिहून घ्या. आखाती देशांसाठी डेटाफ्लो ही कागदपत्रं पडताळणारी कंपनी हॉस्पिटलच्या एचआरला ईमेल करते. तिकडून उत्तरच गेलं नाही, तर खरा अनुभवही अडकतो. रोखीच्या नर्सिंग होमबाबत ही भीती जास्त.

खाटांवरून आणखी एक. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने 50 खाटांखालच्या रुग्णालयात किमान 20,000 आणि 200 खाटांवर राज्य सरकारइतका पगार सुचवला होता. नर्सिंग होमने बरोबर तो जुना किमान आकडा धरलाय. मोठं हॉस्पिटलही शिफारशीच्या खालीच आहे, कारण मध्य प्रदेशात स्टाफ नर्सचा मूळ पगारच 28,700 पासून सुरू होतो. शिफारस दाखवून एचआर पगार वाढवील, अशी आशा मात्र धरू नका.

माझं मत आयसीयूच्या बाजूने आहे, पण तिथे मुक्काम करायचा म्हणून नव्हे. बी.एस्सी. झालेल्या नोंदणीकृत मुलीला नॉर्सेट, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, अनुभवाशिवाय देता येते, वय 18 ते 30. एम्सच्या 44,900 ला 40 तासांच्या आठवड्याने, म्हणजे महिन्याच्या 173 तासांनी भागलं, तर नुसत्या मूळ पगाराचेच 259 रुपये तास. महागाई भत्ता आणि नर्सिंग भत्ता वेगळे. शिवाय दरवर्षी सुमारे तीन टक्के वाढ, कोणाला न विचारता: पाच वेतनवाढींनंतर 52,000. राज्याची भरती आली तर परिविक्षेच्या काळात किती टक्के पगार मिळणार, ते जाहिरातीत आधी वाचा. बारा तासांच्या ड्यूटीवरून घरी आलेली मुलगी रात्री अभ्यासाला बसेल, असं धरून चालू नका. सहा तासांच्या मॉर्निंगनंतर अख्खी दुपार हातात असते.

सही करण्यापूर्वी बॉन्ड किती महिन्यांचा आणि सोडल्यास किती भरायचे, हे बघा. ओरिजिनल मार्कशीट आणि नोंदणी प्रमाणपत्र ठेवून घ्यायला देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. आणि मुलीला सांगा, आयसीयूच्या इन-चार्ज सिस्टरकडे मागच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट बघायला मागायचा. एका नावापुढे किती ‘एन’ (नाइट) आहेत, ‘एन’नंतर ऑफ आहे की त्याच दिवशी ईव्हनिंग, आणि ‘डबल’ (लागोपाठ दोन ड्यूट्या) किती वेळा लिहिलंय, ते मोजायचं. चार्ट दाखवायला नकार मिळाला, तर मी काढलेले 180 तास विसरा आणि जादा ड्यूट्या धरून भागाकार 240 ने करून बघा. तासाला 75 येतात.