'संभाव्यता वितरण' : वितरण नेमके कशाचे?

विचारणा अशी आहे : 'विविक्त यादृच्छिक चलाचे संभाव्यता वितरण' या शब्दप्रयोगातील वितरण म्हणजे वाटपच असेल, तर येथे कोणाला काय वाटले जाते? 'विविक्त' म्हणजे 'पूर्णांकी' असे समजावे काय? आणि शाळेत शिकलेले 'वारंवारता वितरण' ते हेच काय?

वितरण म्हणजे वाटप, हा अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो. वाचक अडखळतो तो 'चलाचे' या षष्ठीपाशी. 'धान्याचे वितरण' म्हटले की धान्य वाटले जाते. त्याच चालीने 'चलाचे वितरण' वाचले की चलच वाटला जात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ही षष्ठी केवळ संबंध दाखवते. वाटली जाते ती संभाव्यता, आणि ती सामासिक शब्दाच्या पूर्वपदातच सांगितलेली आहे : संभाव्यतेचे वितरण, साधा षष्ठी तत्पुरुष. एकूण संभाव्यता १ मानलेली असते. चलाला ज्या ज्या किमती घेता येतात त्या वाटेकरी. कोणाचाही वाटा ऋण नसतो आणि सर्व वाट्यांची बेरीज नेमकी १ भरते. कोणत्या किमतीला किती वाटा आला याची पूर्ण नोंद, मग ती सारणीत असो वा सूत्रात, म्हणजे संभाव्यता वितरण.

हे वाटप समान असेल अशी अपेक्षा मात्र कोणीही करू नये. तीन फासे एकदम टाकून त्यांवरील अंकांची बेरीज घेतली, तर ९ ही बेरीज सहा प्रकारच्या त्रिकुटांतून मिळते आणि १० ही बेरीजही सहाच प्रकारच्या त्रिकुटांतून मिळते. तरीही १० अधिक वेळा पडते, असा जुगाऱ्यांचा अनुभव होता, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गॅलिलिओने त्याचा उलगडा केला. १-२-६ हे त्रिकूट कोणत्या फाशावर कोणता अंक आला हे पाहता सहा रीतींनी पडते, १-४-४ तीन रीतींनी, आणि ३-३-३ एकाच रीतीने. एकूण २१६ समसंभाव्य रीतींपैकी ९ च्या वाट्याला ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ म्हणजे २५ येतात, तर १० च्या वाट्याला ६ + ६ + ३ + ६ + ३ + ३ म्हणजे २७ येतात. १० ही बेरीज देणाऱ्या त्रिकुटांत तिन्ही अंक सारखे असलेले एकही नाही, एवढ्यावरून हा दोन रीतींचा फरक पडतो. समान वाटा असतो तो मुळातल्या २१६ निष्पत्तींना. बेरजांपर्यंत पोहोचताना तो असमान होतो. २१६ पैकी दोनचा फरक निव्वळ खेळून जाणवला असेल, तर ते जुगारी किती खेळत असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

या उदाहरणातच 'यादृच्छिक चल' म्हणजे काय याचेही उत्तर आहे. यदृच्छा म्हणजे आपोआप, योजनेवाचून घडणे. 'यदृच्छालाभ' या शब्दात तो अर्थ आपल्या ओळखीचा आहे. परंतु यदृच्छेने घडते ते फासे पडणे. पडलेल्या फाशांवरून बेरीज काढण्याचा नियम पूर्णपणे ठरलेला असतो, आणि गणिताच्या दृष्टीने तो नियम, म्हणजे प्रत्येक निष्पत्तीला एक संख्या जोडून देणारे फल, हाच यादृच्छिक चल होय. म्हणून चल आणि त्याचे वितरण या दोन गोष्टी एक मानू नयेत. एक निर्दोष नाणे तीनदा उडवून छाप्यांची संख्या 'क्ष' आणि काट्यांची संख्या 'य' मानली, तर ०, १, २, ३ या किमतींना दोन्हीकडे अनुक्रमे १/८, ३/८, ३/८, १/८ असेच वाटे मिळतात. वितरणे तंतोतंत सारखी आहेत. तरीही क्ष आणि य यांची बेरीज नेहमी ३ असल्यामुळे ते दोन चल एकदाही समान होऊ शकत नाहीत. 'दोन्ही चलांचे वितरण एकच आहे' आणि 'दोन्ही चल एकच आहेत' ही विधाने एकमेकांऐवजी वापरणे ही निव्वळ भाषेची सैल वापरणूक नव्हे. ते गणितही चुकते.

'विविक्त' हा शब्द वि + विच् या धातूपासून आला आहे. 'विवेक' त्याच कुळातला : वेगळे काढणे, निवडणे. म्हणून विविक्त किमती म्हणजे एकेक करून वेगळ्या दाखवता येणाऱ्या, क्रमाने मोजत जाता येणाऱ्या किमती. त्या पूर्णांक असल्याच पाहिजेत असे नाही. दोन फाशांवरील अंकांची सरासरी १, १.५, २ अशी ६ पर्यंत अकरा किमती घेते आणि तो चल विविक्तच आहे. किमती सांत, म्हणजे संख्येने मर्यादित, असल्याच पाहिजेत असेही नाही. पहिला छापा येईपर्यंत नाणे किती वेळा उडवावे लागेल, या संख्येला वरची मर्यादा नाही. १, २, ३,... या किमतींना १/२, १/४, १/८ असे निम्मे-निम्मे होत जाणारे वाटे मिळतात आणि त्या अनंत वाट्यांची बेरीज १ होते. 'पूर्णांकी' किंवा 'मर्यादित' हे पर्याय त्यामुळे टाळावेत.

वाटपाची कल्पना पक्की धरली, की एक परिचित वाक्यही संशयास्पद ठरते : 'सर्व नैसर्गिक संख्यांमधून एक संख्या यदृच्छया निवडली, प्रत्येकीची शक्यता सारखी.' असे वाटप होऊच शकत नाही. प्रत्येकीला कितीही लहान पण शून्याहून मोठा असा समान वाटा दिला तर बेरीज १ च्या पलीकडे जाते, आणि शून्य दिला तर ती शून्यच राहते. संतत चलांच्या, म्हणजे अखंड पल्ल्यातील कोणतीही किंमत घेऊ शकणाऱ्या चलांच्या, बाबतीत एकेका किमतीचा वाटा शून्यच असतो, म्हणून तेथे वाटप किमतींना न करता अंतरालांना, म्हणजे दोन किमतींमधील पट्ट्यांना, करावे लागते आणि 'घनता' ही वेगळी संज्ञा लागते.

वारंवारता वितरणात घडून गेलेल्या निरीक्षणांची मोजदाद असते. संभाव्यता वितरणात निरीक्षणापूर्वीच्या शक्यतांची वाटणी असते. पहिल्यातील बेरीज निरीक्षणांच्या संख्येइतकी, दुसऱ्यातील १. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याचे प्रसिद्ध उदाहरण संख्याशास्त्रज्ञ लाडिस्लाउस बोर्टकीविच यांनी १८९८ मध्ये दिले. प्रशियाच्या सैन्यातील १० दलांच्या २० वर्षांच्या नोंदींत घोड्याच्या लाथेने झालेले मृत्यू दलनिहाय आणि वर्षनिहाय मोजले, तर २०० नोंदींपैकी १०९ मध्ये एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार. हे झाले वारंवारता वितरण. एकूण मृत्यू १२२, म्हणून सरासरी ०.६१. हीच सरासरी घेऊन प्वासाँ वितरणाचे (विरळ घटनांच्या संख्येसाठी वापरल्या जाणाऱ्या, केवळ सरासरीवरून ठरणाऱ्या संभाव्यता वितरणाचे) वाटे काढले आणि २०० ने गुणले, तर अनुक्रमे सुमारे १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६ मिळतात. आकडे इतके जवळ आले तरी पहिली रांग नोंदवहीतून आली आणि दुसरी सूत्रातून, हे विसरू नये. १०८.७ नोंदी कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाहीत.

लेखनापुरते सांगायचे, तर 'क्ष हा चल द्विपद वितरणाचे अनुसरण करतो' या इंग्रजी वळणाच्या वाक्याऐवजी 'क्ष चे वितरण द्विपद आहे' असे लिहावे. 'क्ष च्या किमतींचे वितरण' असे संभाव्यतेच्या संदर्भात लिहू नये, कारण किमती वाटेकरी आहेत. 'क्ष च्या किमतींवरील संभाव्यता वितरण' ही रचना लांब असली तरी निःसंदिग्ध आहे, आणि पहिल्या उल्लेखात ती वापरून पुढे नुसते 'वितरण' म्हणायला हरकत नाही.