मुलीला गडद व्हिज्युअल नॉव्हेल लिहायच्या आहेत. थांबवू का?

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची आहे, एस.वाय.बी.ए.ला. रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉपवर 'व्हिज्युअल नॉव्हेल' (चित्रं आणि संवादांतून पुढे सरकणाऱ्या, खेळासारख्या गोष्टी; कधी कधी पुढची वाट वाचकानेच निवडायची) वाचत बसते. एकदा शेजारी बसून पाहिलं. कवितांचा क्लब, गोड चेहऱ्याच्या मुली आणि पुढे एकीची आत्महत्या! आता म्हणते, मला हेच लिहायचंय. काय करू? (एक आई, सातारा)

ताई, तुम्ही शेजारी बसून पाहिलंत, हे फार बरं केलंत. वर्णनावरून ते २०१७ चं 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' दिसतंय. हे मुलांसाठी नाही, अशी सूचना ते सुरू होतानाच देतं. वीस वर्षांच्या मुलीने ते वाचणं मला गैर वाटत नाही. मात्र झोप, जेवण, मैत्रिणी सुटत चालल्या असतील, तर तो करिअरचा प्रश्न उरत नाही. तेव्हा आधी १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर बोला.

आता लिहिण्याचं. या कथा रक्तपातामुळे मनात घर करतात, असा गैरसमज आहे. पडद्यावर एका वेळी एक-दोनच वाक्यं येतात आणि पुढचं वाक्य आणायला क्लिक वाचकानेच करायचा असतो. तीच खोली, तोच चेहरा तासन् तास समोर राहतो. मग एखाद्या दिवशी ओठ हसतात आणि डोळे हसत नाहीत, तेवढ्यानेही अंगावर काटा येतो. पर्याय आपणच निवडलेला असला, तर पात्राच्या वाटोळ्याला आपलाही हात लागतो. पण पर्याय म्हणजे सर्वस्व नव्हे. २००२ साली सुरू झालेल्या मूळ 'हिगुराशी' या जपानी व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये वाचकाला निवडायला काहीच नाही, तरी माणसं ती श्वास रोखून वाचतात. सगळा भार पात्रांवर आहे. मुलीची परीक्षा तिथेच घ्यायची.

आवड आहे म्हणजे जमेलच असं नाही. ते तपासायला तिला सहा आठवडे द्या. अशा गोष्टी बनवायचं रेनपाय हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि 'डोकी डोकी'ही त्यातच बनलंय. माप ठरवून घ्या : आठ हजार शब्द, तीन पात्रं, प्रत्येकाचे चार हावभाव, पाच पार्श्वभूमी, दोन शेवट. बारा चित्रं आणि पाच जागा ऐकायला किरकोळ वाटतात, पण नवशिक्यांचे प्रकल्प बहुतेक इथेच आडवे होतात. चित्रं काढता येत नसतील तर सावल्या वापराव्यात, पार्श्वभूमीला स्वतः काढलेले फोटो चालतात.

दुसरा खड्डा फांद्यांचा. पाच ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येक वाट वेगळी ठेवली, की बत्तीस शेवट लिहावे लागतात. म्हणून वाटा पुन्हा एकत्र आणायच्या आणि वाचकाने काय निवडलं ते व्हेरिएबलमध्ये (माहिती लक्षात ठेवणाऱ्या नावाच्या कप्प्यात) साठवायचं. त्याचा हिशेब पुढच्या संवादाच्या सुरात दिसला पाहिजे. व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत लिहायची राहिली, तर खेळ मधेच बंद पडतो. रेनपायमधलं 'लिंट' हे चुका तपासणारं साधन रोज चालवावं. चुकीचे दुवे आणि एकूण शब्दसंख्या दोन्ही त्यात कळतात.

मराठीत लिहिणार असेल (लिहावंच!) तर मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, नुसते चौकोन दिसतील. 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' या फॉन्टची फाइल 'गेम' फोल्डरमध्ये टाकून सेटिंगमध्ये तिचं नाव द्यायचं. आवृत्ती ८.१ किंवा पुढचीच घ्यावी, जुन्यात जोडाक्षरं फुटतात.

'अ‍ॅडल्ट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ते तिच्याशी स्पष्ट बोला. हिंसा, अपराधभाव, मानसिक आजार यांवर प्रौढांसाठी लिहिणं वेगळं आणि लैंगिक दृश्यं दाखवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७अ आडवी येतात, आणि मुलांचं तसं चित्रण असेल तर ६७ब. अशा कथांमधल्या जपानी शाळेची नक्कल करण्यापेक्षा तिने होस्टेल, नोकरी, भाड्याची खोली घ्यावी. ते जग तिला माहीतही आहे.

पैशाचं सांगायचं तर यावर घर चालेल असं धरू नका. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळ ठेवायला प्रत्येकी शंभर डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतला साधारण तीस टक्के वाटा त्यांचा. पहिला प्रयत्न इच.आयओ या छोट्या खेळांच्या संकेतस्थळावर फुकट ठेवावा. पदवी सोडायची नाही. पुढे गेम-लेखनासाठी अर्ज करताना पदवीइतकाच पूर्ण केलेला छोटा खेळ कामी येतो. जपानीची ओढ असेल तर अनुवादाचीही वाट आहे. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पुण्यात देता येते, पण अशा मजकुराच्या अनुवादासाठी तिच्या एन२ पातळीच्या खाली विचार करू नये. गेम डिझाइनच शिकायचं असेल तर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. आहे. तिथली पात्रता मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा.

सहा आठवड्यांनी तिचा खेळ पहिल्यांदा तुम्हीच वाचा. तिने शेजारी बसायचं, पण काही समजावून सांगायचं नाही. तुम्ही जिथे न वाचताच भराभर क्लिक करू लागाल, ती ओळ तिने वहीत टिपून ठेवायची.