‘गार्ड नव्हता’ एवढंच लिहिलं तर?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. कन्व्हेअरमध्ये (माल नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यात) एका कामगाराचं बोट चिरडलं. चौकशीत नोंदी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पंधरा दिवसांनी अहवाल लिहायला बसलो, तर वहीत फक्त ‘गार्ड नव्हता’ (गार्ड म्हणजे पट्ट्यावरचं संरक्षक झाकण). काढून ठेवला होता, तुटला होता की कधी बसवलाच नव्हता, काही आठवेना. नोंदी घ्याव्यात तरी कशा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या दोन शब्दांत तीन वेगळी कारणं दडली आहेत. काढून ठेवला असेल, तर चालू पट्ट्यावर साफसफाई का करावी लागते हे शोधायचं. तुटला असेल तर मेंटेनन्सचं रजिस्टर उघडायचं, बसवलाच नसेल तर मशीन घेतानाचे कागद. नोंद अशी हवी होती : ‘१४.४०. टेल पुलीचा डावा गार्ड जागेवर नाही. चारही बोल्टची भोकं रिकामी, आत ग्रीस आणि धूळ घट्ट बसलेली. गार्ड पॅनलमागे भिंतीला टेकवलेला. फोटो ७.’ (टेल पुली म्हणजे पट्ट्याच्या शेवटच्या टोकाचा रोलर.)

भोकातली धूळ पाहून गार्ड आज निघालेला नाही हे मनात येतंच. तो झाला अंदाज, तो वेगळ्या ओळीत. प्रत्येक नोंदीपुढे खूण करा : ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलं (कोणाकडून तेही), ‘अं’ म्हणजे अंदाज. ही एक सवय लागली तरी निम्मे घोळ मिटतात.

जबाब एकेकाचा वेगळा घ्या, आणि बोलणाऱ्याचेच शब्द उतरवा. कंत्राटी कामगार म्हणाला, ‘कचरा फँसा था, निकालने को हाथ डाला’, तर तसंच हिंदीत लिहा. त्याचं ‘निष्काळजीपणे हात घातला’ असं केलंत की कचरा अडकतो का, हा प्रश्नच वहीतून गायब होतो.

‘पॅनलपासून थोडं लांब’ असं लिहू नका. जागेचं कच्चं चित्र काढून न हलणाऱ्या दोन खांबांपासून टेपने अंतर मोजा. सीसीटीव्ही पाहताना स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी लिहा. ‘स्क्रीन १४.२२, मोबाइल १४.३१’ ही ओळ लिहायची राहिली, तर पुढे नऊ मिनिटांचा हिशेब कोणालाच लागत नाही. डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) जुन्या चित्रणावर नवं भरत जातो, म्हणून कॉपी त्याच दिवशी घ्या.

वही शिवलेली, पानांवर आधीच क्रमांक टाकलेली. स्पायरल वहीचं पान फाडलं तर पत्ता लागत नाही. बॉलपेन वापरा, जेलची शाई आपल्याकडच्या जुलैत पसरते. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर नको. नंतर पक्की प्रत केली तरी कच्ची वही जपून ठेवा.

प्रश्न : सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर वहीची गरज उरते का?
— एक वाचक, तुर्भे

उत्तर : उरते. पेट घेणारे सॉल्व्हंट (द्रावक) हाताळतात तिथे साधा मोबाइल न्यायचाच नाही, ठिणगीचा धोका असतो. इतरत्र आधी विचारून रेकॉर्ड करा. पण फोन समोर ठेवला की बऱ्याच जणांची जीभ आखडते. शिवाय ‘साहेब, हे इथून असं आलं’ हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं, बोट कुठल्या व्हॉल्व्हकडे होतं ते येत नाही. व्हॉल्व्हचा टॅग नंबर तेव्हाच वहीत लिहा.