कण्यातील वेदनाशामकानंतर मांजराची लघवी अडली असेल तर

आपल्या बोक्याच्या मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत कण्यात वेदनाशामक दिले, कालपासून त्याला लघवी झालेली नाही आणि दवाखान्यातून ‘भूल उतरली की होईल’ एवढेच सांगितले जाते, हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. मी पशुवैद्य नाही; पण आमच्या मांजरीचे असेच झाले होते, म्हणून कामाचे आधी सांगते: उद्यावर न टाकता आजच त्याचे मूत्राशय पशुवैद्याकडून तपासून घ्या.

कण्यात पुष्कळदा दोन औषधे एकत्र देतात. लिडोकेन किंवा बुपिव्हाकेनने आलेला पायांचा बधिरपणा काही तासांत ओसरतो. सोबत मॉर्फिन असेल, तर त्याचा परिणाम साधारण 12 ते 24 तास टिकतो आणि त्या काळात मूत्राशयाचा स्नायू सैल पडून लघवी तुंबू शकते. त्यामुळे मांजर चालते, खाते, ट्रेमध्ये जाऊन माती उकरते आणि ट्रे कोरडाच राहतो. आमच्या मांजरीचे मूत्राशय दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताला मोसंबीसारखे टणक लागले. इतके ताणलेले मूत्राशय रिकामे केल्यावरही लगेच नीट आकुंचन पावत नाही, हे आम्ही पुढे भोगले. घरी पोट दाबून पाहू नका. मूत्राशय फुटू शकते.

सर्वांत महाग पडला तो पहिल्या दवाखान्याचा निष्काळजीपणा. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘भूल दिली’ एवढेच होते, आणि फोन उचलणाऱ्याला औषधाचे नावही सांगता येईना, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांना अंदाजानेच उपचार सुरू करावे लागले. औषध, मात्रा, वेळ आणि सुई कोठे घातली, हे लिहून दिल्याखेरीज मांजर घरी सोडूच नये, असे माझे ठाम मत आहे.

सुईच्या जागेला महत्त्व आहे, कारण मांजराचा मज्जारज्जू कुत्र्यापेक्षा अधिक मागे, त्रिकास्थीच्या, म्हणजे कंबर आणि शेपटी यांमधल्या हाडाच्या, आसपासपर्यंत पोहोचतो. कंबरेच्या शेवटच्या मणक्यामागून सुई घालताना ती मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात शिरू शकते. तसे झाल्यास मात्रा बरीच घटवावी लागते, नाही तर औषध पुढे चढून रक्तदाब उतरतो आणि श्वास मंदावतो. रक्त गोठण्यात दोष, सुईच्या जागी संसर्ग किंवा रक्तस्रावाने आलेली दुर्बलता असेल, तर ही पद्धत टाळतात. एरवी मोठ्या शस्त्रक्रियेत तिच्याइतका आराम क्वचितच मिळतो, आणि पुन्हा गरज पडली तर मी नकार देणार नाही.

पाय बधिर असेपर्यंत गरम पाण्याची पिशवी अंगाला लावू नका. चटका बसला तरी त्याला कळत नाही. दुखते आहे असे वाटले तरी माणसांचे पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ते प्राणघातक ठरते. पाय आधीपेक्षा अधिक लुळे पडू लागले, किंवा सुईची जागा सुजून ताप आला, तर रात्री उघडा असलेला दवाखाना गाठा आणि पहिल्या दवाखान्याकडून औषधांची नोंद लेखी मागवून घ्या.