'अफलातून आयडिया'मधला प्लेटो

प्रश्न असा आहे: "'अफलातून आयडिया' असं आपण सर्रास म्हणतो. 'अफाट' आणि 'तुफान' एकमेकांत मिसळून हा शब्द झाला असं एक मित्र म्हणतो. दुसरा म्हणतो, हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचं नाव आहे. खरं कोणाचं? प्लेटोचं नाव असेल तर शेवटचं 'तून' आलं कुठून? आणि विशेषण करताना अफलातूनी लिहायचं की अफलातुनी?"

दुसऱ्या मित्राचं बरोबर आहे. अफलातून म्हणजे प्लेटोच. 'अफाट' अधिक 'तुफान' ही जुळणी कानाला पटते, कारण तिन्ही शब्द साधारण एकाच प्रसंगी तोंडात येतात. पण या दोन शब्दांची कितीही मोडतोड केली तरी त्यातून 'ला' निघत नाही. तो 'ला' प्लेटोचा आहे.

'तून'चा प्रश्न मात्र उलटा विचारायला हवा. प्लेटोचा शेवटचा 'न' गेला कुठे? ग्रीकमध्ये या माणसाचं नाव 'प्लातोन'. लॅटिनमध्ये अशा नावांचा न प्रथमेत गळतो, जसा संस्कृतात 'राजन्'चा 'राजा' होतो. म्हणून लॅटिनमध्ये तो 'प्लातो' झाला, इंग्रजीने तेच रूप उचलून आपल्या वळणाने 'प्लेटो' म्हटलं आणि आपण इंग्रजीकडून घेतलं. गळालेला न 'प्लॅटॉनिक' या विशेषणात पुन्हा डोकं वर काढतो, तो यामुळेच. जर्मन आणि रशियन भाषांनी नावातही न टिकवला. अरबीनेही टिकवला.

अरबीने बाकीचे बदल केले ते तिच्या घरच्या नियमांनी. अरबीत प हा ध्वनी नाही. परक्या शब्दातल्या पचा फ होतो किंवा ब. इराणच्या 'पार्स' प्रांताचा अरबीत 'फार्स' झाला, म्हणून आपल्याकडे माणसं पारशी आणि भाषा फारसी. दुसरी अडचण शब्दारंभीच्या जोडाक्षराची. 'फ्ल'ने शब्द सुरू करणं अरबीला चालत नाही, त्यामुळे पुढे एक 'अ' टेकू म्हणून लागतो. 'स्कूल'चं 'इस्कूल' करणारी आपल्याकडची माणसं हेच करतात. ग्रीक त अरबीत जड उच्चाराच्या 'तोय' या अक्षराने लिहिला गेला आणि दीर्घ ओचा ऊ झाला. प्लातोन, फ्लातून, अफलातून. फारसी कवितेत टेकू काढून नुसतं 'फलातून'ही येतं.

याच गिरणीतून बाकीचे ग्रीकही दळून निघाले. सोक्रातेसचा सुकरात झाला, हिप्पोक्रातेसचा बुकरात (इथे पचा ब), अरिस्तोतेलेसचा अरिस्तूतालीस आणि मग कापून नुसता अरस्तू. अलेक्सांद्रोसची गंमत तर वेगळीच: नावातला पहिला 'अल' हा अरबी उपपद समजून काढून टाकला, क आणि स यांची अदलाबदल झाली आणि उरला इस्कंदर, म्हणजे आपला सिकंदर.

सिकंदर मुद्दाम काढला, कारण अर्थाचं कोडं त्याच्याच मदतीने सुटतं. 'त्याचं नशीब सिकंदर आहे' यात सिकंदर हे नाव राहिलेलं नाही, ते विशेषण झालं आहे. 'भगीरथ प्रयत्न', 'भीष्मप्रतिज्ञा' यांत हेच घडलं आहे. माणूस गेला, त्याचा एक गुण उरला, तो नामाच्या पुढे येऊन उभा राहिला. अफलातूनचं तेच झालं. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल, ॲरिस्टॉटलचा शिष्य अलेक्झांडर. या तिघांपैकी पहिला आणि तिसरा मराठीत विशेषण झाले आणि मधला अरस्तू मात्र तसाच राहिला. असं का, याला नियम नाही. भाषेची आवड.

मुळात हा माणूस कोण? इ.स.पू. ४२७च्या सुमारास अथेन्सच्या बड्या घराण्यात जन्मला. वडील आरिस्तोन, आई पेरिक्तिओनी. सॉक्रेटिसच्या भोवती जमणाऱ्या तरुणांपैकी तो एक. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला तेव्हा प्लेटो अठ्ठाविशीच्या आसपास होता, आणि पुढचं सगळं लेखन त्या एका घटनेला दिलेलं उत्तर आहे असं म्हटलं तरी चालेल. त्याने ग्रंथ लिहिले ते बहुतेक सगळे संवादांच्या रूपात. बोलणारा मुख्य माणूस सहसा सॉक्रेटिस. प्लेटो स्वतः एकाही संवादात बोलत नाही. सिसिलीतल्या सिराक्यूजला तो तीनदा गेला, तिथल्या राजाला तत्त्वज्ञ करावं या हेतूने शेवटच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि तो बेत साफ फसला. इ.स.पू. ३४७च्या सुमारास वारला.

'प्लातोन' हे पाळण्यातलं नाव नव्हे, खरं नाव आरिस्तोक्लेस, कुस्तीच्या वस्तादाने रुंद खांद्यांवरून 'प्लातोन' म्हटलं, ही कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली दिसते. ती प्लेटोनंतर काही शतकांनी लिहिलेल्या चरित्रात आहे आणि ती जशीच्या तशी खरी मानू नये, कारण प्लातोन हे अथेन्समध्ये बऱ्यापैकी रुळलेलं नाव होतं. व्युत्पत्ती मात्र त्या दिशेचीच आहे. ग्रीक 'प्लातुस' म्हणजे रुंद, पसरट. हा शब्द आणि संस्कृत 'पृथु' हे सख्खे भाऊ. 'पृथ्वी' त्यांचीच बहीण. म्हणजे प्लेटोला मुळाबरहुकूम मराठी नाव द्यायचंच तर ते 'पृथू' होईल. ताटाची 'प्लेट'ही याच घरातली.

आता ग्रीसहून हे नाव आपल्यापर्यंत कसं आलं ते. अथेन्सच्या वेशीबाहेर अकादेमोस नावाच्या वीरपुरुषाची राई होती. तिथे इ.स.पू. ३८७च्या सुमारास प्लेटोने शाळा काढली, आणि राईवरून तिला 'अकादेमिया' नाव पडलं. आपली 'अकादमी' ती हीच. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने वेढ्यासाठी तिथली झाडं तोडली. पुढे अथेन्समध्ये प्लेटोची परंपरा सांगणारी शाळा पुन्हा उभी राहिली, ती इ.स. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने बंद झाली. तेव्हा सात तत्त्वज्ञ अथेन्स सोडून इराणच्या खुस्रोकडे, म्हणजे आपल्या जुन्या गोष्टींतल्या नौशेरवानकडे, आश्रयाला गेले. तिथे फार रमले नाहीत, ५३२च्या तहानंतर परतले. पण पूर्वेकडची वाट त्यांच्याही आधीपासून सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतल्या भाषांतरांनी पाडलेली होती. नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक आणि त्याचे सहकारी ग्रीक ग्रंथ सिरियाकमधून आणि थेट ग्रीकमधून अरबीत आणत होते.

इथे एक गैरसमज होतो, की प्लेटोही असा सगळा अरबीत आला. अरबीत ॲरिस्टॉटल जवळजवळ सगळा उतरला, प्लेटो तसा उतरला नाही. त्याचे संवाद बहुतेक सारांशांतून आणि उताऱ्यांतून पोचले. इब्न रुश्द या अरबी तत्त्वज्ञाने बाराव्या शतकात प्लेटोच्या 'रिपब्लिक'वर भाष्य लिहिलं ते का? तर ॲरिस्टॉटलचा राज्यशास्त्रावरचा ग्रंथ त्याच्या हाती नव्हता म्हणून. त्या भाष्याचं अरबी मूळही हरवलं, हिब्रू भाषांतर उरलं.

ग्रंथ अर्धेमुर्धे आणि कीर्ती अफाट, अशा वेळी दंतकथा वाढतात. फारसी परंपरेतला अफलातून कधी वैद्य आहे, कधी एकांतात राहणारा सिद्धपुरुष, कधी गवई. तो रांजणात राहतो! रांजणात राहणारा खरा माणूस डायोजेनीस, प्लेटोच्या काळातलाच दुसरा ग्रीक तत्त्वज्ञ. प्लेटोची टिंगल करण्यात ज्याची हयात गेली, त्याचंच बिऱ्हाड लोकांनी प्लेटोच्या नावावर केलं. हाफिजच्या गझलेत 'रांजणात बसलेला फलातून' येतो तो यामुळे, आणि तिथे रांजण अर्थातच मद्याचा. निजामी या फारसी कवीच्या सिकंदरकाव्यात अफलातून वाद्य वाजवून जनावरांना झोपवतो आणि पुन्हा उठवतो. अकबरासाठी १५९५च्या सुमारास तयार झालेल्या निजामीच्या पोथीत मधू खानाजाद या चित्रकाराने हा प्रसंग रंगवला आहे: अफलातून युरोपीय धाटणीच्या ऑर्गनपाशी बसलाय आणि भोवती पशू निपचित पडलेत. पोथी आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तुर्कस्तानात कोन्याच्या बाजूला हित्ती काळातल्या एका झऱ्याला 'अफलातूनचा झरा' म्हणतात, आणि तुर्की भाषेत 'एफलातुन' हा चक्क एका रंगाचा शब्द आहे, फिकट जांभळ्या.

मराठीत शब्द आला तो या दंतकथेतल्या अफलातूनवरून, अथेन्सच्या प्लेटोवरून नव्हे. बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांत फारसी नांदत होती, आणि तिच्या किश्शांतली माणसं तिच्याबरोबर आली: सिकंदर, रुस्तुम, हातिमताई, अफलातून. अर्थ लक्षात घेतला की हे पटतं. हिंदी-उर्दूत 'स्वतःला मोठा अफलातून समजतो' हे टोमण्याचं वाक्य आहे; तिथे शब्द दीडशहाण्याला लागतो. मराठीने टोमणा फारसा ठेवला नाही, अचंबा ठेवला. बुद्धीबद्दलचा शब्द कोणत्याही लोकविलक्षण गोष्टीला लागू झाला: अफलातून झेल, अफलातून मिसळ, अफलातून बाई. मुंबईत मिनारा मशिदीच्या परिसरात मिळणारी रवा, खवा, अंडी आणि भरपूर तुपाची अफलातून नावाची मिठाईही याच रांगेतली.

तरीही मूळ अर्थाचा वास पूर्ण गेलेला नाही, असं माझं मत. 'तुफान पाऊस' चालतो, 'अफाट गर्दी' चालते. 'अफलातून पाऊस' कानाला खटकतो. जिथे कोणाचं तरी डोकं किंवा हातोटी दिसते तिथेच हा शब्द बसतो. मिसळ अफलातून होते, कारण ती कोणीतरी केलेली असते.

आता 'आयडिया'. तुमच्या उदाहरणात ही जोडी आली म्हणून उत्तर लिहिण्यात मजा आहे, कारण तो दुसरा शब्दही प्लेटोच्याच दुकानातला. ग्रीक 'इदेआ' म्हणजे दिसणं, रूप. 'पाहणे' या अर्थाच्या मूळ धातूवरून तो आला, आणि आपला 'विद्', म्हणजे वेद, विद्या, हे त्याच धातूचे. प्लेटोच्या आधीही शब्द होता, त्याला तत्त्वज्ञानातलं वजन प्लेटोने दिलं. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात त्याने पलंगाचं उदाहरण घेतलं आहे. चित्रकार पलंगाचं चित्र काढतो ते सुताराच्या पलंगाकडे पाहून. सुतार पलंग करतो तो पलंगाच्या मूळ रूपाकडे पाहून. सुताराचे पलंग अनेक, मोडतात, कुरकुरतात. मूळ रूप एकच, ते मोडत नाही, आणि डोळ्यांना नव्हे तर बुद्धीलाच दिसतं. हे रूप म्हणजे 'इदेआ'. लक्षात घ्या, प्लेटोची आयडिया कोणाच्या डोक्यातली नाही. ती कोणी विचार केला नाही तरी असतेच. 'मनातली कल्पना' हा अर्थ युरोपात सतराव्या शतकात पक्का झाला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. त्यामुळे प्लेटोवर मराठीत लिहिताना 'इदेआ'ला 'कल्पना' हा प्रतिशब्द देऊ नये, सगळा सिद्धान्त उलटा होतो. 'रूप' किंवा 'आदिरूप' बरा.

तर 'अफलातून आयडिया'तला एक शब्द बगदाद-इराणमार्गे आला, दुसरा रोम-लंडनमार्गे, आणि मराठीत येऊन शेजारी बसले. दोन्हींचा धनी एकच.

'प्लॅटॉनिक प्रेम' याबद्दलही सावध राहायला हवं. उर्दूत त्याला 'अफलातूनी इश्क' म्हणतात. मराठीत 'अफलातुनी प्रेम' लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते देहविरहित वाटणार नाही, झकास वाटेल. शिवाय देहविरहित हा अर्थही प्लेटोचा जसाच्या तसा नाही. त्याच्या 'सिम्पोझियम'मध्ये प्रेमाची शिडी आहे. पहिली पायरी एका सुंदर देहाची. मग सगळे सुंदर देह, सुंदर मनं, सुंदर आचार आणि कायदे, ज्ञान, आणि शेवटी नुसतं सौंदर्य. पहिली पायरी काढून टाकून उरलेल्याला 'प्लॅटॉनिक' म्हणणं ही नंतरच्यांची करामत. पंधराव्या शतकात फ्लोरेन्सच्या फिचिनो या तत्त्वज्ञाने या संवादावर भाष्य लिहिलं, तिथून हा शब्द पसरला. आणि 'सिम्पोझियम'चा ग्रीक अर्थ एकत्र बसून पिणं. महाविद्यालयाच्या परिसंवादाच्या पत्रिकेवर तो दिमाखात छापला जातो.

राहिलं शुद्धलेखन. 'अफलातून' अकारान्त, म्हणून उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, तू दीर्घ. फखाली नुक्ता मराठीत देत नाहीत. पुढे दीर्घ ई लागली की उपान्त्य ऱ्हस्व होतो, गरीब-गरिबी तसं, म्हणून 'अफलातुनी'. सामान्यरूपातही तेच: 'त्या अफलातुनाला कोण समजावणार?' प्लेटो या अर्थी विशेषनाम म्हणून वापरलं तर आजच्या वळणाने मूळ रूप तसंच राहतं: 'अफलातूनने', 'अफलातूनचा'. विशेषण म्हणून लिंग-वचनाने त्यात काही फरक पडत नाही. खरं तर 'अफलातुनी' करायची गरजच कमी, कारण 'अफलातून' स्वतःच विशेषण आहे. 'अफलातुनी कल्पना' म्हणजे 'सुंदरी कल्पना' म्हटल्यासारखं होतं. आणि ग्रीक तत्त्वज्ञावर लेख लिहिणार असाल तर तिथे सरळ 'प्लेटो' लिहा. 'अफलातून म्हणतो की' वाचून लोक हसतील.